आठवड्याची सायकल आणि वाघोडियाचा रस्ता

आपल्या धार्मिक जीवनात वारांना मोठे स्थान आहे. गोव्यात श्रीमंगेशाची पालखी दर सोमवारी निघते. दत्तोपासक घराण्यांत गुरुवार पाळला जातो. मंगळवार आणि शुक्रवार देवीचे, शनिवार मारुतीचा आणि रविवार खंडोबाचा. तिथी चंद्राच्या गतीने मागेपुढे सरकते; वार मात्र आपली जागा सोडीत नाही. आठव्या दिवशी तो पुन्हा दारात उभा राहतो, आणि ज्याने काही नेम धरला असेल त्याला त्या नेमाची आठवण करून देतो. माणसाच्या चांगल्या सवयी ह्या अशा ठरलेल्या वारांच्या आधाराने टिकतात, हे आपल्या पूर्वजांनी फार लवकर ओळखले होते.

हा विचार येथे मांडण्याचे कारण एका साध्या प्रश्नात आहे. हौसेने सायकल चालविणारा मनुष्य आठवड्यातून किती वेळा आणि किती किलोमीटर सायकल चालवितो? आणि त्याने किती चालवावी? हौशी सायकलस्वारांच्या मेळाव्यांत हा प्रश्न अलीकडे वारंवार निघतो. वरवर पाहता तो व्यायामशाळेच्या फळ्यावर उत्तर लिहून मोकळे व्हावे इतका किरकोळ आहे. परंतु ह्या प्रश्नाच्या पोटात आठवड्याचा, सुटीचा, रस्त्याचा आणि श्रमाचा असा चार पदरी इतिहास दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. तो इतिहास उलगडण्यासाठी आम्ही वाघोडिया हे गाव डोळ्यांपुढे ठेवीत आहोत.

वाघोडिया हे वडोदऱ्याच्या पूर्वेस सुमारे वीस किलोमीटरवर असलेले तालुक्याचे ठिकाण. गायकवाडांच्या राज्यात बडोदे प्रांताच्या तालुक्यांत त्याची गणना होई. ह्याच बाजूला आजव्याचा तलाव आहे. बडोदे शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून सयाजीराव महाराजांच्या (१८६३–१९३९) कारकीर्दीत, १८९० च्या सुमारास, तो बांधण्यात आला आणि त्याला सयाजी सरोवर हे नाव मिळाले. तालुक्यातील जरोद गावावरून पुढे हालोल आणि पावागड लागतो. गडावर कालिकामातेचे प्राचीन स्थान असून नवरात्रात तेथे यात्रेकरूंची रीघ लागते. दक्षिणेस डभोई, आणि त्याही पुढे नर्मदातीरी गरुडेश्वर. सावंतवाडीजवळच्या माणगावी १८५४ मध्ये जन्मलेले श्रीवासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले टेंबेस्वामी, हिंदुस्थानभर पायी भ्रमण करून १९१४ मध्ये त्याच गरुडेश्वरी समाधिस्थ झाले. कोकणातील भाविकालाही ह्या मुलखाची वाट परकी नाही, ती ह्याच कारणाने.

आज ह्याच वाघोडियाच्या रस्त्यावर पहाटे दोन प्रकारचे सायकलस्वार दिसतात. एक वडोदरा शहरातून येतो. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण असते, सायकलीला गिअर असतात, आणि मनगटावरचे घड्याळ त्याचे अंतर, वेग व नाडीचे ठोके टिपून घेत असते. तो आजव्यापर्यंत किंवा पावागडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन परततो. दुसरा जवळपासच्या खेड्यातून येतो. त्याची सायकल काळी, जड, उभ्या दांड्यांची. मागच्या कॅरिअरला जेवणाचा डबा अडकविलेला. त्याला औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात पहिल्या पाळीला हजर व्हावयाचे असते. पहिल्याचे आठवड्याचे किलोमीटर काटेकोरपणे मोजले जातात. दुसऱ्याचे कोणीच मोजीत नाही. ह्या दोघांना एका पंक्तीत बसविल्याखेरीज आमच्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळणार नाही, हे ह्या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

सायकलीचा जन्म मुळात हौसेपोटीच झाला असे म्हणता येते. जर्मनीत कार्ल ड्राइस ह्याने १८१७ मध्ये पायांनी जमिनीला रेटा देत चालवावयाचे दुचाकी यंत्र बनविले. पुढे प्रचंड पुढच्या चाकाची सायकल आली. तिच्यावरून पडणे हा प्राणाशी खेळ होता. १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली ह्याने सारख्या चाकांची आणि साखळीने फिरणारी ‘रोव्हर’ सायकल तयार केली, आणि १८८८ मध्ये डनलॉप ह्याने हवा भरलेली धाव बसविली. आज आपण जिला सायकल म्हणतो ती ह्या दोन शोधांतून सिद्ध झाली.

हिंदुस्थानात ती लवकरच पोहोचली, आणि तिच्या प्रसारात एका मराठी घराण्याचा मोठा वाटा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असताना तेथून सायकली विकत घेऊन बेळगावास आपले बंधू रामुअण्णा ह्यांच्याकडे पाठवीत. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ १८८८ पासून मोजतो, तो ह्याच बेळगावच्या सायकल-दुकानापासून. त्या घराण्याच्या आठवणींत असे सांगितले जाते की, सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये असे, आणि गिऱ्हाइकाला ती चालविण्यास शिकविण्याचे पंधरा रुपये रामुअण्णा वेगळे घेत. पंधरा रुपये हा त्या काळी कित्येक कामकऱ्यांचा महिन्याचा पगार होता. ज्याला शिकण्याची फी परवडे त्यालाच सायकल परवडे, आणि असा मनुष्य तिच्यावर कामाला जात नसून फिरावयास जात असे, हे उघड आहे.

परंतु फिरावयास जाण्यासाठी सायकलीइतकीच दुसरीही एक गोष्ट लागते. ती म्हणजे मोकळा दिवस. सरकारी कचेऱ्यांना रविवार होता. गिरण्यांतील माणसांना नव्हता. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत गिरणी चाले, आणि महिन्यामागून महिने ही रीत मोडत नसे. ह्या अन्यायाविरुद्ध उभे राहिले ते महात्मा फुले ह्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे. त्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि आठवड्यातून एक दिवस सुटी ही मागणी पुढे केली. रविवारच का, ह्याला त्यांच्यापाशी कामगाराच्या अंतःकरणाला भिडणारे उत्तर होते. रविवार हा खंडोबाचा वार आहे. त्या दिवशी देवाचे दर्शन आणि घरचे कुळाचार व्हावेत. सहा वर्षांच्या खटपटीनंतर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली, आणि पुढच्याच वर्षीच्या, १८९१ च्या, कारखाने कायद्याने साप्ताहिक सुटीच्या तत्त्वाला सरकारी मान्यता मिळाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगाराच्या आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, तीही ह्याच वाटेवरची पुढची पायरी होय.

ह्या घटनेकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधीत आहोत. आज रविवारी सकाळी जो कोणी आजव्याच्या रस्त्याला सायकल लावतो, त्याच्या हौसेचा तो दिवस एका सत्यशोधक कार्यकर्त्याने गिरणी कामगारांसाठी, देवाच्या वाराचे नाव घेऊन, मिळविलेल्या सुटीशी नात्याने जोडलेला आहे. हौशी सायकलीचा आठवडा हा कामकऱ्याच्या आठवड्यातूनच कोरून काढलेला आहे.

आता शरीरसाधनेच्या इतिहासाकडे वळू. बडोद्याचे नाव ह्या क्षेत्रात साऱ्या देशात गाजलेले होते. जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न प्रो. माणिकराव ह्यांनी मल्लविद्येबरोबरच सांघिक व्यायामाला शिस्त आणि देशी आज्ञाशब्द दिले. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार ह्यांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत ह्याच शहरातून काढले. देशी व्यायामविद्येचा एवढा विस्तृत संग्रह अन्य भाषेत क्वचितच झाला असेल. ह्या परंपरेत एक गोष्ट गृहीत धरलेली असे. तालमीत येणाऱ्याने किती जोर काढले ह्यापेक्षा तो रोज आला की नाही, हे वस्ताद आधी पाही. पाचशे जोर एके दिवशी काढून आठ दिवस अंथरुणाला खिळणाऱ्या उत्साही पोरापेक्षा पन्नास जोर नित्य काढणारा त्याच्या लेखी अधिक भरवशाचा असे. आखाड्याची माती अंगाला रोज लागली पाहिजे, हा तेथील पहिला नियम.

ह्याच दृष्टीने एका विख्यात पराक्रमाचा हिशेब करून पाहावा. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे इराण, युरोप, अमेरिका, जपान, चीन असा फेरा पुरा करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परतले. अंतर सुमारे ७१,००० किलोमीटर. आकडा ऐकून छाती दडपते. परंतु हा काळ सुमारे २३१ आठवड्यांचा होतो. म्हणजे सरासरी आठवड्यास तीनशेच्या थोडे वर, आणि दिवसास सुमारे ४४ किलोमीटर. वाळवंट, बर्फ, आजार, परवाने आणि समुद्रप्रवास ह्यांत गेलेले दिवस त्यात धरलेले आहेत, हे खरे. त्यांच्या धैर्याला कमीपणा आणण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. सांगावयाचे ते इतकेच की, जगाला वळसा घालणाऱ्या पराक्रमाचेही तुकडे केले तर ते दररोजच्या बेचाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांचे निघतात. वडोदऱ्याहून वाघोडियास जाऊन परत येणारा मनुष्य एका दिवसात जवळजवळ तेवढेच अंतर तोडतो. त्या तिघांचे खरे सामर्थ्य चार वर्षे पाच महिने न थांबण्यात होते.

सायकल श्रीमंतांच्या हौसेतून निसटून सामान्यांच्या गरजेत कशी उतरली, हा पुढचा अध्याय. १९३९ मध्ये मुंबईत हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. १९५१ मध्ये सोनपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियान्यात हीरो असे मोठे कारखाने उभे राहिले आणि सायकल शिक्षक, कारकून, कामगार, गवळी ह्यांच्या आवाक्यात आली. पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाऊ लागले. नगरपालिकेचा कर भरून मिळविलेला पितळी बिल्ला, रात्री दिवा नसल्यास होणारा दंड, ‘डबलसीट’ बसल्याबद्दल चौकातल्या पोलिसाने धरणे, ह्या गोष्टी त्या पिढीच्या नित्यानुभवाच्या होत्या. मुंबईचा डबेवाला आजही आठवड्याचे सहा दिवस सायकलीच्या दोन्ही अंगांना डबे टांगून स्थानकापासून कचेऱ्यांपर्यंत पोहोचतो. आणि गोव्यातील आपल्या कोंकणी वाचकांना तर पोदेर सांगावयास नकोच. पहाटे आणि पुन्हा संध्याकाळी, भोंगा वाजवीत, पावाची टोपली सायकलीमागे बांधून तो वाड्यावाड्यांतून फिरतो. आठवड्यातून किती वेळा, असा प्रश्न त्याला विचारला तर तो हसेल. त्याच्या आठवड्यात फेऱ्यांना खंडच नसतो.

ह्या गरजेच्या सायकलीचे प्रमाण किती मोठे होते हे २०११ च्या जनगणनेने दाखविले. देशातील शंभर घरांपैकी जवळजवळ पंचेचाळीस घरांत सायकल होती. शेतीबाहेर काम करणाऱ्या शंभर जणांपैकी तेरा कामावर सायकलने जात, तर बावीस-तेवीस पायी. मोटारसायकल किंवा स्कूटरवरून जाणाऱ्यांची संख्या त्या वेळी सायकलस्वारांहून किंचित कमीच होती. त्यानंतर चित्र पालटत गेले. हप्त्यांवर मोटारसायकल मिळू लागली, गावे आणि कारखाने ह्यांतील अंतरे वाढली, रस्ते रुंद होऊन अवजड वाहनांच्या ताब्यात गेले. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१८ मध्ये ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरविला. आणि दोनच वर्षांनी, २०२० च्या ३ जूनलाच, ॲटलसचा साहिबाबाद येथील कारखाना बंद पडला. इतिहास कधी कधी तारखांतून बोलतो, तो असा.

गरजेची सायकल मागे हटत असतानाच हौसेची सायकल मात्र परत आली. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत पुणे, नाशिक, मुंबई, नागपूर, कोल्हापूर आणि गुजरातेतील शहरे ह्यांत डॉक्टर, अभियंते, व्यापारी, शिक्षक पहाटे सायकली काढू लागले. फ्रान्समधील ओडॅक्स क्लब पारिझिएन ह्या १९०४ पासूनच्या संस्थेच्या नियमांनुसार होणाऱ्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या आपल्याकडे रूढ झाल्या. त्यांत शर्यत नसते. ठरलेल्या मुदतीत अंतर पुरे करावयाचे असते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तास अशा त्या मुदती होत. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन ह्या बंधूंनी दोघांच्या संघाने अमेरिका आडवी पार करणारी शर्यत पुरी केली. २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्याने पुरी करणारे पहिले भारतीय म्हणून लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ ह्यांची नावे नोंदली गेली. २०१८ मध्ये पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी ह्या अवघ्या वीस वर्षांच्या मुलीने १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरचा जगाचा फेरा पुरा केला. आषाढी एकादशीच्या सुमारास नाशिकहून पंढरपूरला सायकलींची वारी निघते, हे तर ह्या नव्या हौसेने जुन्या परंपरेला दिलेले गोड वळण आहे.

ह्या मंडळींच्या आठवड्याचे गणित कसे असते? अशा स्पर्धांची तयारी करणाऱ्या थोड्यांचा प्रकार वेगळा. सामान्य हौशी स्वार बहुधा नोकरीच्या दिवसांत दोन-तीन सकाळी तासाभराची छोटी फेरी करतो आणि रविवारी एक लांबची. वडोदऱ्याच्या अशा स्वाराने दोन दिवस पंधरा-पंधरा किलोमीटर आणि रविवारी आजव्यापर्यंत जाऊन-येऊन चाळीस केले, तर त्याचा आठवडा सत्तर किलोमीटरांचा आणि सुमारे चार तासांचा झाला.

आता दुसऱ्या स्वाराचा हिशेब करू. कारखान्यापासून सात किलोमीटरवरच्या खेड्यात राहणारा कामगार रोज चौदा किलोमीटर चालवितो. आठवड्याचे सहा दिवस धरले तर चौऱ्याऐंशी. वर्षाचे पन्नास आठवडे धरल्यास ४,२०० किलोमीटर होतात. काश्मीरपासून कन्याकुमारी गाठूनही ते उरतात. ह्या अंतराचे पदक त्याला कोणी देत नाही, आणि त्यालाही त्याची अपेक्षा नसते.

कोणी म्हणेल, ही तुलना अयोग्य आहे. हौस ती हौस आणि पोट ते पोट. कामगार सायकल चालवितो ते नाइलाजाने, त्याला व्यायाम कसे म्हणावे? आक्षेप रास्त आहे. परंतु शरीर असा भेद मानीत नाही. कोपनहेगन येथे सुमारे तीस हजार स्त्री-पुरुषांवर वर्षानुवर्षे केलेला अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. कामावर सायकलने जाणाऱ्यांपेक्षा न जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ३९ टक्क्यांनी अधिक आढळले, आणि हा फरक इतर व्यायाम व सवयी हिशेबात घेऊनही टिकला. तेथील स्वार आठवड्यास सरासरी तीन तास सायकल चालवीत होते, आणि तेही खेळ म्हणून नव्हे, कामावर जाण्यासाठी. तेव्हा पोटासाठी घेतलेला श्रमही देहाला लाभतो, मात्र पोटभर अन्न आणि पुरेशी झोप मिळाली तर. ही अट आपल्या कामगाराच्या बाबतीत नेहमी पुरी होते असे कोणी म्हणू नये.

मग किती चालवावी? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. बेताच्या वेगाने सायकल चालविणाऱ्यास हे प्रमाण आठवड्याला सुमारे चाळीस किलोमीटरांत पुरे होते. पन्नास मिनिटांच्या तीन फेऱ्या म्हणजे १५० मिनिटे. ह्यापेक्षा अधिक गहन असे त्यात काही नाही. ज्याला रविवारच मोकळा मिळतो त्यानेही निराश होऊ नये. इंग्लंड आणि स्कॉटलंड येथील त्रेसष्ट हजारांहून अधिक प्रौढांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्याचा सारा व्यायाम एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांतही, काहीच न करणाऱ्यांच्या मानाने, मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. लोखंड्यांनी मिळविलेला एकटा रविवारसुद्धा वाया जात नाही, असा ह्याचा अर्थ.

तथापि वैद्यकाने पुरेसे म्हटलेले आणि परंपरेने उत्तम म्हटलेले ह्यांत थोडे अंतर राहतेच. वारी ह्या शब्दाकडे पाहावे. एकदा पंढरपूरला जाऊन येणाऱ्याला यात्रेकरू म्हणतात. पुनः पुन्हा जाणाऱ्याला वारकरी म्हणतात. चालण्याचे अंतर दोघांचे सारखेच असले तरी नाव पालटते ते पुनरावृत्तीने. आषाढीची एक मोठी वारी करणाऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ वर्षभर असते, आणि तिच्याबरोबर येणारे नियमही वर्षभर असतात. हौशी सायकलस्वाराने हा दाखला घ्यावा. पावागडाची शंभर किलोमीटरची एक फेरी करून तीन आठवडे सायकल भिंतीला टेकवून ठेवण्यापेक्षा मंगळवार, गुरुवार आणि रविवार असे तीन वार बांधून घ्यावेत, अंतर थोडके ठेवावे आणि वार चुकवू नये. अंतर वाढविण्याचा मोह तरुणपणी फार होतो, आणि यंत्राने दाखविलेला आकडा मित्रांच्या आकड्याशी ताडून पाहण्याची सवय लागली की नेमाचे रूपांतर चढाओढीत होते. व्रत मोठे करण्यात पुण्य नाही. ते न मोडण्यात आहे, असे आपल्या आज्या सांगत आल्या, तेच ह्या विषयातही लागू पडते.

येथवर लाभाचा विचार झाला. आमचा व्यवसाय वकिलीचा असल्यामुळे ह्या रस्त्याची दुसरी बाजूही आम्हांस दिसते, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या दृष्टीने सायकल हे मोटार वाहन नाही. तिला नोंदणी नको, चालविण्यास परवाना नको. हे तिचे स्वातंत्र्य आहे. परंतु ट्रकच्या धक्क्याने सायकलस्वार दगावला, तर त्याच्या वारसांना मिळावयाची भरपाई न्यायाधिकरणे मुख्यतः मृताच्या वार्षिक उत्पन्नावरून, वयानुसार ठरलेल्या गुणकाने काढतात. वाघोडियाच्या एकाच वळणावर, एकाच पहाटे, अभियंता हौसेने जात असताना आणि कामगार पाळीवर जात असताना अपघात झाला, तर एकाच्या विधवेला मिळणारी रक्कम दुसऱ्याच्या विधवेहून कित्येक पट असू शकते. धक्का देणारे वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूबद्दल ठराविक रक्कम मिळते. ती पूर्वी पंचवीस हजार होती, १ एप्रिल २०२२ पासून दोन लाख झाली. वाढ स्वागतार्ह आहे. पण तेवढ्यात एका घराचा संसार किती वर्षे चालेल, ह्याचा विचार ज्याचा त्याने करावा.

जो आठवड्यातून तीनदा रस्त्यावर येतो त्याला धोका तीन वारांचा. जो सहा दिवस, तोही अंधारात जातो आणि अंधारात येतो, त्याला धोका सहा वारांचा. म्हणजे ज्याचा नेम अधिक मोठा त्याच्या जिवाची किंमत हिशेबात अधिक कमी, अशी ही उलटी रीत आहे. कायद्याचे सूत्र एका लेखाने बदलणार नाही. रस्ता मात्र बदलू शकतो. कडेला सायकलीपुरती पक्की पट्टी, वळणांवर दिवे, कारखान्यांच्या फाटकांपुढे वेगाला आळा, ह्या गोष्टी कोणत्याही तालुक्याच्या आवाक्याबाहेरच्या नाहीत. त्यांची मागणी करण्यास अधिकाऱ्यांपाशी ज्यांचा शब्द पोहोचतो, असे लोक कोण? तेच, रविवारी हौसेने निघणारे डॉक्टर, अभियंते आणि वकील. त्यांनी आपल्या संघाच्या वतीने निवेदन द्यावयाचे तर ते केवळ रविवारच्या रस्त्यासाठी देऊ नये. पाळी सुटण्याच्या वेळेचा रस्ता त्यात आधी असावा.

देवस्थानांनाही येथे थोडे करता येईल. मोटारींसाठी आवार आखणाऱ्या विश्वस्त मंडळींनी सायकलींसाठी सावलीतली, कुलूप लावता येईल अशी जागा राखावी. दर्शनास सायकलने येणाऱ्या म्हाताऱ्या गवळ्याला आणि पोराटोरांना ती फार उपयोगी पडेल. उत्सवाच्या पत्रिकेत सायकल-यात्रेचा कार्यक्रम छापणाऱ्यांनी त्या यात्रेच्या पुढल्या रांगेत गावातील रोजच्या सायकलस्वारांना, पेपरवाल्याला, पोदेराला, कारखान्यातल्या कामगाराला मानाने बोलवावे. नारळ आणि शाल ह्यांचा मान बहुधा देणगीदारांना मिळतो. कधीतरी तो नेम चालविणाऱ्यालाही मिळू द्यावा.

आठवड्यास किती, ह्या प्रश्नाचे आमचे उत्तर इतके सांगितल्यावर थोडक्यात असे होते. हौशी मनुष्याने आपल्या देहासाठी आठवड्यातून तीन वार, अडीच-तीन तास, शांतपणे सायकल चालवावी. आणि त्याच रस्त्यावरून सहा वार जाणाऱ्याचे किलोमीटर आपल्या वहीत नसले तरी आपल्या ध्यानात ठेवावेत. ज्या रविवारी आपण हौसेने बाहेर पडतो तो रविवार मिळविण्यासाठी एकेकाळी गिरणीतल्या माणसांना सहा वर्षे झगडावे लागले. त्या ऋणाची फेड म्हणून त्यांच्या आजच्या वारसांना घरी सुखरूप पोहोचविणारा रस्ता मिळवून देणे, हे काही फार मोठे मागणे नव्हे.